शिमल्याचा बर्फ, दिल्लीची थंडी आणि पुण्याची वेधशाळा

पुण्यामुंबईहून बदली होऊन दिल्लीस येणाऱ्या मराठी कुटुंबाला पहिल्याच हिवाळ्यात एक वाक्य तोंडपाठ होते. ते म्हणजे ‘पहाडावर बर्फ पडला’. डिसेंबर अर्धा सरला की भाजीवाला, दूधवाला, कार्यालयातील शिपाई, शेजारचे सरदारजी, सगळे हे वाक्य एकमेकांस सांगू लागतात. त्यापुढचे वाक्य ऐकणाऱ्याने स्वतःच समजून घ्यावयाचे असते : उद्यापरवा थंडी वाढणार, रजया बाहेर काढा. आमचे कुटुंब १९७३ च्या हिवाळ्यात दिल्लीस आले. आदल्याच वर्षी महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ सोसला होता. माझे आजोळ पारनेर तालुक्यातले, म्हणजे पावसाच्या बाबतीत कायमचे देणेकरी. तेथून आलेल्या आईला हे वाक्य प्रथम ऐकवले ते शेजारच्या पंजाबी बाईंनी. आईने घरात येऊन वडिलांना विचारले, “बर्फ पडला शिमल्याला आणि कुडकुडायचं आपण दिल्लीत, हे कुठलं शास्त्र?” वडिलांपाशी उत्तर नव्हते. त्यांनी वर्तमानपत्रात डोके घातले.

पुढे वाचनाच्या नादात मला असे आढळून आले की आईचा हा प्रश्न लहानसहान नव्हता. हिमालयावर पडणारा बर्फ आणि मैदानातील लोकांचे भवितव्य यांचा संबंध काय, याच प्रश्नाने हिंदुस्थानातील दीर्घ मुदतीच्या हवामान-अंदाजास आरंभ झाला. त्या प्रश्नापायी मोठमोठ्या विद्वानांनी आयुष्ये वेचली. काहींनी त्यात लौकिक मिळवला, काहींनी गमावला. आणि ज्या कार्यालयाने हा प्रश्न दीड शतक वाहिला, ते कलकत्त्याहून शिमल्यास, शिमल्याहून पुण्यास आणि पुण्याहून दिल्लीस असे फिरत आले. आपल्यापैकी अनेकांच्या बदल्या झाल्या, पण अशी बदली क्वचितच कोणाच्या नशिबी आली असेल. आपल्या मंडळास पन्नास वर्षे पूर्ण होत असता, १५ जानेवारी १८७५ रोजी स्थापन झालेल्या हवामान खात्यास दीडशे वर्षे पूर्ण झाली आहेत. तेव्हा या सुवर्णमहोत्सवी अंकात त्या इतिहासाचे थोडे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम आईच्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकतो. आपल्याकडे महाराष्ट्रात पाऊस म्हणजे नैर्ऋत्येचा, समुद्रावरून येणारा. दिल्लीच्या हिवाळी पावसाचे माहेर मात्र पार भूमध्य समुद्राच्या बाजूस आहे. तिकडून कमी दाबाची क्षेत्रे निघतात. इराण, अफगाणिस्तान ओलांडून, वाटेत कास्पियन समुद्र व अरबी समुद्र यांची आर्द्रता घेत ती हिमालयास येऊन भिडतात. आकाशवाणीच्या हिंदी बातम्यांत ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणून ज्यांचा उल्लेख आपण ऐकतो, ते हेच. हिवाळ्यात महिन्याकाठी अशी चार-सहा क्षेत्रे येतात. त्यांतील जोरकस असतात ती काश्मीर, हिमाचल, गढवाल येथे बर्फ टाकतात आणि मैदानात गव्हाला लाखमोलाचा पाऊस देतात. या पावसाला इकडचे शेतकरी ‘महावट’ किंवा ‘मावठ’ म्हणतात.

गंमत अशी की ज्या दिवशी शिमल्यास बर्फ पडत असतो, त्या दिवशी दिल्लीची रात्र उलट किंचित ऊबदारच असते. आकाशात ढग असतात आणि जमिनीची उष्णता ते गोधडीसारखी धरून ठेवतात. विक्षोभ पूर्वेस सरकला की गोधडी ओढून घेतल्यासारखे होते. आकाश निरभ्र होते, वायव्येकडील कोरडा, थंड वारा सुटतो, रात्री जमीन आपली उष्णता मुक्तहस्ताने उधळून टाकते आणि पारा खाली येतो. म्हणजे बर्फ हे थंडीचे कारण नव्हे. बर्फ आणि थंडी या एकाच पाहुण्याच्या दोन खुणा आहेत, एक तो येताना दिसते व दुसरी तो गेल्यावर. शेजारणीचे वाक्य मात्र बहुतेक वेळा खरे ठरे. लोकांचे अनुभवाचे ज्ञान असेच असते, कारण चुकीचे सांगते आणि वेळ बरोबर सांगते.

ही झाली दोन दिवसांची गोष्ट. परंतु त्याच बर्फावरून पुढच्या सहा महिन्यांचे भविष्य सांगता येईल काय, हा प्रश्न हेन्री ब्लॅनफर्ड या गृहस्थास पडला, आणि तेथून खरी कथा सुरू होते.

१८६४ साली कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आदळले. १८६६ व १८७१ साली पावसाने दगा दिला. या तडाख्यांनंतर सरकारने सगळ्या देशाच्या हवामानाच्या नोंदी एका छत्राखाली आणण्याचे ठरवले आणि १८७५ साली कलकत्त्यास हे खाते स्थापून त्याचे प्रमुखपद ब्लॅनफर्ड यांस दिले. नव्या खात्याचे बारसे होते न होते तोच १८७६ ते ७८ चा महादुष्काळ आला. मराठी वाचकास त्याची ओळख करून द्यावी लागू नये. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा हे जिल्हे त्यात होरपळून निघाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. त्याच दुष्काळाचे चटके पाहून वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ साली बंडाचा झेंडा उभारला. ज्या घटनेने पुण्यात सार्वजनिक सभेस जागृत केले आणि फडक्यांस डोंगरात नेले, तिनेच कलकत्त्यात बसलेल्या ब्लॅनफर्ड यांस नकाशांपुढे बसवले. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. १८७७ साली देशात पाऊस फसला, आणि त्यापूर्वीच्या वसंतात हिमालयात बर्फ अवेळी व अतोनात पडला होता.

त्यावरून त्यांनी जो तर्क बांधला तो सोपा होता, आणि म्हणूनच मोहक होता. पाऊस येण्यासाठी उन्हाळ्यात जमीन तापावी लागते. उशिरापर्यंत बर्फ साचून राहिला तर सूर्याची उष्णता तो वितळविण्यातच खर्ची पडते, उत्तरेकडील भूमी नीट तापत नाही, कोरडे वायव्य वारे रेंगाळत राहतात आणि मोसमी वाऱ्यांस जोर येत नाही. १८८४ साली त्यांनी हा विचार लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंधरूपाने मांडला. तत्पूर्वी १८८२ पासून ते प्रायोगिक अंदाज करीतच होते. ते बऱ्यापैकी जमले, तेव्हा ४ जून १८८६ रोजी पावसाळ्याचा पहिला रीतसर अंदाज प्रसिद्ध झाला. त्या काळी ना उपग्रह होते, ना विमाने. डोंगराळ मुलखातील अधिकाऱ्यांकडून बर्फाच्या ज्या बातम्या येत, त्यांवर सारी भिस्त. सात-आठशे कोसांच्या पर्वतरांगेवरील बर्फ मूठभर पत्रांवरून जोखावयाचा आणि त्यावरून पारनेरच्या शेतकऱ्याचे भविष्य वर्तवावयाचे! धाडसच म्हणावयाचे. पण ज्याने दुष्काळ पाहिला आहे, त्याला असे धाडस करण्याची बुद्धी होते हे आपण समजू शकतो.

ब्लॅनफर्ड यांच्या मागून १८८९ साली सर जॉन इलियट आले. त्यांनी बर्फाच्या जोडीला हिंदी महासागर, ऑस्ट्रेलिया येथील परिस्थितीही विचारात घेतली. अंदाज अधिक विस्तृत झाला, सविस्तर झाला आणि, माझ्या मते, नको तितका आत्मविश्वासी झाला. १८९९ साली त्यांनी सरासरीहून अधिक पाऊस पडेल असे भाकीत केले. त्या वर्षी प्रत्यक्षात काय झाले हे राजस्थानात आजही म्हाताऱ्या माणसांस विचारावे. विक्रम संवत १९५६ मध्ये आला म्हणून त्या दुष्काळाला ‘छप्पनिया’ म्हणतात आणि आजोबांकडून ऐकलेली त्याची गाणी-गोष्टी तेथे अद्याप ऐकू येतात. गुजरात, वऱ्हाड, मध्य प्रांत, दख्खन, कोणीच त्यातून सुटले नाही. देशाच्या पावसाच्या नोंदीत १८७७ आणि १८९९ ही दोन वर्षे आजही अत्यंत वाईट वर्षांत मोडतात. पहिल्या वर्षाने अंदाजाचे शास्त्र जन्माला घातले आणि दुसऱ्याने त्याचे नाक कापले.

वृत्तपत्रांनी खात्यावर टीकेचा भडिमार केला. त्यानंतर सरकारने जे केले, त्याविषयी सरकारी नोकरीत केस पांढरे झालेल्या माझ्यासारख्या माणसास दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. पुढील काही वर्षे पावसाचा अंदाज ‘गोपनीय’ ठरवण्यात आला. तो तयार होई, वरिष्ठांकडे जाई, कपाटात बंद होई, पण लोकांस मात्र कळत नसे. चूक होऊ नये म्हणून उपाय करण्याऐवजी चूक दिसू नये म्हणून उपाय करणे, हा आम्हा कार्यालयीन मंडळींचा जुना रोग आहे, आणि त्याचे हे एक ठळक उदाहरण. गोपनीय अंदाज बरोबर निघाला तरी शेतकऱ्यास त्याचा उपयोग नाही, आणि चुकला तर कोणी विचारणार नाही. म्हणजे दोन्हीकडून खाते सुरक्षित! इलियट यांची चूक मी तरी क्षम्य समजतो. त्यांनी जे वाटले ते चारचौघांत सांगितले. फाइलीवर मारलेला तो शिक्का मात्र मला क्षम्य वाटत नाही.

या कोंडीतून मार्ग काढण्याचे काम १९०४ साली गिल्बर्ट वॉकर यांजकडे आले. हे गृहस्थ हवामानशास्त्रज्ञ नव्हतेच. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८८९ साली पहिले आलेले, बासरीचे दर्दी आणि बूमरँग फेकण्याच्या छंदापायी मित्रमंडळींत ‘बूमरँग वॉकर’ म्हणून ओळखले जाणारे. शिमल्याच्या अन्नाडेल मैदानावर हे साहेब बूमरँग फेकीत असत. त्यांचा आणखी एक उपकार आपल्या देशावर आहे. १९१३ साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधील एका कारकुनाच्या वह्या त्यांनी पाहिल्या आणि त्या तरुणास विद्यापीठाने आधार द्यावा असे पत्र लिहिले. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

वॉकर यांची भूमिका अशी की बर्फामुळे पाऊस का घटतो याचा वाद तूर्त बाजूस ठेवावा. खरोखरच घटतो का, आणि किती, हे आधी आकड्यांनी तपासावे. त्यांनी जगभरच्या ठाण्यांच्या जुन्या नोंदी मागवल्या आणि शिमल्याच्या कार्यालयातील हिंदी कारकुनांस गणिताच्या कामास जुंपले. यंत्रे नव्हती. बेरजा, वजाबाक्या, वर्ग, वर्गमुळे, सारे कागदावर. अमुक गावचा दाब आणि तमुक देशाचा पाऊस यांचे नाते किती घट्ट, याचे हजारो आकडे त्या अनाम लोकांनी मांडले. वॉकर यांचे नाव विज्ञानाच्या ग्रंथांत अजरामर झाले. त्या कारकुनांची नावे ग्रंथांत क्वचितच आढळतात. शिमल्याच्या हिवाळ्यात, शेगडीवर बोटे शेकत, परक्या देशाच्या आकड्यांचे वर्ग करीत बसलेला तो कारकून माझ्या डोळ्यांपुढे वारंवार येतो.

१९०९ साली वॉकर यांचे पहिले सूत्र तयार झाले. त्यात चार गोष्टी होत्या : दक्षिण अमेरिकेतील हवेचा दाब, मॉरिशसमधील दाब, झांजिबारचा पाऊस, आणि मे महिन्याच्या अखेरीस हिमालयावर साचलेला बर्फ. ब्लॅनफर्ड यांचा बर्फ असा गणिताच्या चाळणीतून पार पडला खरा, पण आता तो चौघांपैकी एक होता. पुढे याच आकडेमोडीतून वॉकर यांस असे दिसून आले की पॅसिफिक महासागर आणि हिंदी महासागर यांच्यावरील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणे वर-खाली होत असतो. आज ‘एल निनो’चे नाव खेडोपाडी पोहोचले आहे. त्या शास्त्राची एक मुळी शिमल्यात, पावसाचा अंदाज चुकल्याच्या शरमेतून फुटली, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

वॉकर १९२४ साली निवृत्त झाले आणि १९२८ साली खात्याचे मुख्यालय पुण्यास आले. शिवाजीनगरला मनोरा असलेली जी देखणी दगडी इमारत आहे तिला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणतात आणि तिच्याजवळच्या चौकास ‘सिमला ऑफिस चौक’. दिल्लीहून सुट्टीवर गेलेल्या माझ्या मुलांस रिक्षावाल्याच्या तोंडी हे नाव ऐकून मोठे नवल वाटले. पुण्यात शिमल्याचे काय काम? त्यांची समजूत अशी झाली की तेथे सहलीची तिकिटे मिळत असावीत. ऐंशी-नव्वद वर्षे लोटली, साहेब गेले, मुख्यालयही गेले, तरी शिमल्याहून आलेल्या कचेरीस पुणेकरांनी दिलेले नाव टिकून आहे. पुणेकर एकदा नाव ठेवतो ते सहसा परत घेत नाही.

याच पुण्याच्या काळात निसर्गाने जणू उत्तर आणि दक्षिण यांस एका दोरीने बांधून दाखवले. १६ जानेवारी १९३५ रोजी दिल्लीचे किमान तापमान शून्याच्या खाली, उणे ०.६ अंशांवर गेले. दिल्लीच्या मुख्य वेधशाळेच्या नोंदीतील हा नीचांक अद्याप मोडलेला नाही. दुसऱ्याच दिवशी, १७ जानेवारीस, पुण्यात पारा १.७ अंशांवर आला, आणि पुण्याचाही तो आजवरचा नीचांक आहे. आपण दिल्लीकर मंडळी पुण्यास फोन करून ‘तुमच्याकडे कसली आली थंडी!’ असे म्हणत असतो. त्या दिवशी मात्र वारा मधल्या कोणत्याही स्टेशनावर न थांबता थेट शिवाजीनगरास उतरला. मुंबईनेही जानेवारी १९६२ मध्ये सांताक्रूझला ७.४ अंश पाहिले आहेत. अशा लाटा आल्या की निफाडकडील द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. घड तडकू नयेत म्हणून सारे घर जागते.

१९४४ साली, महायुद्ध चालू असता, मुख्यालय दिल्लीस आले. त्याच वर्षी डॉ. एस. के. बॅनर्जी हे पहिले भारतीय महासंचालक झाले. आज लोधी रोडवरील ‘मौसम भवन’ हे त्याचे ठिकाण. मात्र पुण्याचे महत्त्व त्यामुळे संपले नाही. हवामानाच्या जुन्या नोंदी, उपकरणे आणि दीर्घ मुदतीच्या अंदाजाचे काम पुण्यातच राहिले. १९६२ साली तेथे उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्थाही निघाली. परिणामी आजही पावसाळ्याचा अंदाज शिजतो पुण्यात आणि वाढला जातो दिल्लीत.

इकडे बर्फाचे काय झाले? स्वातंत्र्याच्या सुमारास त्याचे पावसाशी नाते ढिले पडल्यासारखे दिसू लागले आणि पुढे तो सूत्रांतून वगळला गेला. ब्लॅनफर्ड यांचा तर्क इतिहासजमा झाला असे वाटत असतानाच आकाशातून साक्षीदार आला. उपग्रहांनी वरून बर्फाची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला, आणि १९७६ साली डग्लस हान व जगदीश शुक्ल यांनी दाखवून दिले की केवळ हिमालयच नव्हे, तर युरोप-आशियाच्या विस्तीर्ण भूमीवर हिवाळ्यात बर्फ अधिक असेल तर पुढचा भारतीय पावसाळा कमजोर होण्याकडे कल दिसतो. ब्लॅनफर्ड यांनी घराच्या गच्चीवरून जे पाहिले होते, ते आता साऱ्या गावाच्या नकाशावर दिसू लागले.

आणि येथे एक मराठी माणूस या कथेत येतो. डॉ. वसंत गोवारीकर अग्निबाणांच्या इंधनाचे काम करून १९८६ साली दिल्लीस विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे सचिव म्हणून आले. १९८७ साली देशाने भीषण अवर्षण पाहिले. गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे प्रतिमान तयार केले आणि १९८८ पासून ते अंदाजासाठी वापरले जाऊ लागले. त्या सोळांत जानेवारी ते मार्च या महिन्यांतील हिमालयाचा बर्फ होता आणि आदल्या डिसेंबरातील युरोप-आशियाचा बर्फही होता. १८८६ साली एकट्याने आलेला पाहुणा शंभर वर्षांनी पंधरा सोबत्यांसह परतला. १९८८ साली पाऊस उत्तम झाला, अंदाज बरोबर ठरला, आणि दिल्लीतील मराठी माणसाची छाती थोडी फुगली हे कबूल करावयास हरकत नाही.

पारनेरहून माझे मामा दर उन्हाळ्यात फोन करीत. भाचा दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, तेव्हा त्याला पावसाचे कळत असणारच, अशी त्यांची श्रद्धा. माझे खाते पावसाशी दुरूनही संबंधित नाही, हे मी पुष्कळदा सांगून पाहिले. “ते असू दे. औंदा काय म्हणतात दिल्लीत पावसाचं?” मी वर्तमानपत्रातील अंदाज वाचून दाखवी. पुढे तेरा वर्षे अंदाज ‘सामान्य’ आणि पाऊसही सामान्य असे चालले. आता वाटते, त्या यशातला मोठा वाटा पावसाच्या चांगुलपणाचा होता. जो रोज ‘उद्या सूर्य उगवेल’ असे सांगतो त्याची परीक्षा ग्रहणाच्या दिवशीच होते.

ते ग्रहण २००२ साली आले. अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा होता. मी मामांना नेहमीप्रमाणे वाचून दाखवला. जून बरा गेला. जुलै मात्र अख्खाच्या अख्खा कोरडा गेल्यासारखा गेला, देशभरात त्या महिन्याचा पाऊस जेमतेम निम्मा पडला. हंगामाअखेर हिशेब ८१ टक्क्यांवर थांबला. ऑगस्टमध्ये मी फोन केला तेव्हा काय बोलावे मला सुचेना. मामाच म्हणाले, “तू सांगितलंस म्हणून नव्हतं पेरलं रे. मृग बरसला म्हणून पेरलं. तू कशाला जिवाला लावून घेतोस?” त्यांचे हे बोलणे माझ्या मनातून गेलेले नाही. १८९९ साली अंदाज चुकला तेव्हा सरकारने तो लपवला होता. २००२ साली तसे झाले नाही. चूक उघड्यावर चर्चिली गेली आणि सोळा घटकांचे प्रतिमान बाजूस ठेवून २००३ पासून नवी पद्धत अवलंबिली गेली. अंदाज एकदा सांगून मोकळे होण्याऐवजी एप्रिलात एकदा आणि पावसाळ्याच्या तोंडावर दुसऱ्यांदा, सुधारून, सांगण्याची प्रथा पडली. गोवारीकर २०१५ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, पुण्यात निवर्तले. त्यांचे सूत्र टिकले नाही म्हणून त्यांचे काम वाया गेले, असे मी मानीत नाही. ब्लॅनफर्ड, इलियट, वॉकर यांची तरी कोठे टिकली?

आता शेजारणीच्या वाक्याकडे परत येतो, कारण अलीकडे तेही पूर्वीइतके भरवशाचे राहिलेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या उतारांवर ऐन हंगामात बर्फ नव्हता. पर्यटक मातीवर उभे राहून छायाचित्रे काढीत होते. पहाडावर बर्फ नाही, तेव्हा दिल्लीत थंडीही नसावी. पण दिल्ली त्या महिन्यात गारठून गेली होती. जोरदार विक्षोभ आले नाहीत, पाऊस झाला नाही, वारा पडला, आणि धुक्याच्या जाड थराने दिवसेंदिवस सूर्य झाकला. रात्र फार थंड नसतानाही दिवसच थंड, असा तो प्रकार. ३० डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीचे कमाल तापमान ९.४ अंशांपलीकडे गेले नव्हते. पुण्यात पहाटे फिरावयास जाणारे लोक जे तापमान सांगून कौतुक करून घेतात, ते येथे भर दुपारी होते! या धुक्याचा अभ्यास करण्यासाठी २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर उपकरणे मांडून जे शास्त्रज्ञ बसतात, ते पुण्याच्या त्याच संस्थेचे. विमान खोळंबले म्हणून त्रासलेल्या मराठी प्रवाशांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की धावपट्टीच्या पलीकडे कोणी पुणेकर याच धुक्याचे थेंब मोजीत उभा आहे.

दिल्लीत प्रत्यक्ष बर्फ पडतो काय, असा प्रश्न महाराष्ट्रातील नातेवाईक नेहमी विचारतात. पडत नाही. ७ फेब्रुवारी २०१९ च्या संध्याकाळी नोएडात रस्ते, बागा, मोटारींच्या टपा पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि ‘दिल्लीचे शिमला झाले’ अशी छायाचित्रे तासाभरात पुण्या-नागपुरास पोहोचली. त्या गारा होत्या. गार उंच ढगांत, वर चढणाऱ्या जोरकस हवेत झेलली जात वाढते आणि जड झाली की खाली आदळते. हिम मात्र पिसासारखे उतरते आणि त्यासाठी जमिनीपर्यंत हवा गोठणबिंदूच्या आसपास असावी लागते. दिल्लीस फार तर गवतावरचे दव गोठते, तसे ८ जानेवारी २००६ च्या पहाटे गोठले होते. पारा तेव्हा ०.२ अंशांवर होता. आईने अंगणातील तुळशीवरचा पांढरा थर बोटाने खरवडून पाहिला आणि ‘महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी असंच होतं म्हणे’ एवढेच म्हणाली.

१४ जानेवारी २०२५ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, येथील भारत मंडपमात खात्याचा दीडशेवा वर्धापन सोहळा झाला. त्या सायंकाळी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हळदीकुंकवाची गडबड असेल. शिमल्याजवळ कुफ्रीस आणि कुमाऊंत मुक्तेश्वरास आता रडार उभी आहेत. बर्फाचे ढग येताना तासन्तास आधी दिसतात.

मामा आता नाहीत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा पारनेरहून फोन आला. “दादा, शिमल्याला बर्फ पडतोय. परवापासून तुमच्याकडं गारठा वाढेल. आत्याला जपा.” त्याच्या खिशातल्या फोनवर आमच्या दिल्लीचे तापमान मला कळण्याआधी दिसत होते. मी आईला निरोप सांगितला. ती रजईतूनच म्हणाली, “त्याला सांग, आमच्याकडून तो वारा मग तुमच्याकडेच येतो. वाटाण्याला रात्रीचं पाणी दे म्हणावं.”